थ्रीडी मॉडेल की टूडी ड्रॉइंग? नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या युनिट्सनी कशावर काम करावं?

अंबडकर_डिझाइन
माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे इलेक्ट्रिक पॅनेलची कपाटं बनवणारे अनेक जण सॉलिडवर्क्स हे थ्रीडी सॉफ्टवेअर घेतात ते कोटेशनसोबत चित्र जोडायला. ऑर्डर हातात आली की तोच पार्ट ऑटोकॅडमध्ये टूडीत नव्याने काढला जातो आणि मॉडेलकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग कस्टमरने दरवाजाची रुंदी वाढवली की बिजागरीची प्लेट, गास्केटची चॅनल, बीओएम (पार्ट्सची यादी) सगळं हाताने बदलत बसायचं. त्यात एखादी जागा सुटतेच, आणि ती सापडते थेट असेंब्लीला. एक माप बदललं की त्यावर अवलंबून असलेलं सगळं आपोआप बदलावं, पॅरामेट्रिक मॉडेलिंग आलं ते यासाठीच. ड्रॉइंग मॉडेलमधूनच निघालं पाहिजे, वेगळं काढायचंच नाही.

प्रेसब्रेकवाला_सातपूर
साहेब, मॉडेल तुमच्या स्क्रीनवर जुळतं, माझ्या मशीनवर जुळत नाही. परवाच २ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचं काम आलं. मॉडेलमध्ये बेंडची आतली रेडियस १ मिमी. मी १६ मिमी तोंडाच्या व्ही-डायवर एअर बेंडिंग करतो, म्हणजे पत्रा डायच्या तळाला टेकवत नाही, तिथे रेडियस पडते साधारण अडीच मिमीच्या आसपास. के-फॅक्टर (वाकवताना लांबी न बदलणारा थर जाडीत कुठे आहे त्याचं प्रमाण) ०.४ धरून हिशोब करा, एका बेंडला जवळजवळ ०.७ मिमी फरक. चार बेंडच्या पार्टला अडीच मिमीच्या वर! लेझरवाल्याने ब्लँक (वाकवण्याआधीचा सपाट पत्रा) तुमच्या फाइलवरून कापला, त्यामुळे पार्ट मोठा झाला आणि दरवाजा चौकटीत बसेना. आमचा जुना फोरमन कागदावर डेव्हलपमेंट (सपाट पत्र्याचं माप) काढायचा तेव्हा आधी विचारायचा, डाय कुठली आहे?

अंबडकर_डिझाइन
दादा, तुमचा हिशोब शंभर टक्के बरोबर आहे. पण यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. सॉफ्टवेअरमध्ये बेंड टेबल असतं. कुठल्या जाडीला कुठली डाय, किती रेडियस, ब्लँकच्या मापातून किती वजावट, हे तुमच्या मशीनवर ट्रायल पीस वाकवून एकदा भरलं की पुढचा प्रत्येक ब्लँक बरोबर निघतो. डिझायनरने शॉपवर येऊन विचारलं नाही, ही चूक त्याची.

क्वालिटी_सिन्नर
‘ड्रॉइंग मॉडेलमधूनच’ हा नियम मला मान्य नाही. मॉडेलमध्ये असतं ते नॉमिनल माप. २५ चं भोक म्हणजे तंतोतंत २५. बेअरिंग बसवायचं असेल तर मला एच७ टॉलरन्स हवा, म्हणजे २५.००० ते २५.०२१. आमच्याकडे येणाऱ्या स्टेप फाइलमध्ये (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी थ्रीडी फाइल) हे लिहिलेलं नसतं. फर्स्ट पीस रिपोर्ट मी प्रिंटवरच्या प्रत्येक मापाला बलून नंबर (गोलातला क्रमांक) टाकूनच भरतो, आणि वाद झाला की कस्टमरही प्रिंटच मागतो. ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ विमानं कागदी ड्रॉइंगवरच बनली ना? कागद कमी दर्जाचा आहे असं समजू नका.

अंबडकर_डिझाइन
कागद बंद करा असं मी कुठे म्हटलंय? टॉलरन्स, फिट, सरफेस फिनिश प्रिंटवर हवंच. फक्त ती प्रिंट मॉडेलला जोडलेली असावी, एवढंच.

जॉबवर्क_अंबड
खर्चाचं कोण बोलणार? ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवीन कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं, तेव्हापासून दरवर्षी पैसे मोजावे लागतात. चार माणसांच्या युनिटला ते जड जातं. फ्रीकॅड फुकट आहे, पण कस्टमरच्या मूळ फाइल्स त्यात धड उघडत नाहीत. स्टेप घेतली तर आकार येतो, फीचर ट्री (मॉडेल कसं बनलं त्या पायऱ्यांची यादी) येत नाही, म्हणजे तुमचं ते ‘एक माप बदललं की सगळं बदलतं’ आमच्यापर्यंत पोचतच नाही. आणि हा त्रास फक्त गरिबांना आहे असंही नाही. एअरबसच्या ए३८० विमानाला हॅम्बुर्गमध्ये कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरचं व्ही४ आणि तुलूझमध्ये व्ही५ होतं. वायरिंग जुळेना आणि २००६ मध्ये डिलिव्हऱ्या लांबल्या.

अंबडकर_डिझाइन
फीचर ट्रीचा मुद्दा मान्य. जॉबवर्क करणाऱ्याला माझा नियम लागू होत नाही, तुम्ही स्टेप आणि प्रिंटवरच काम करा. पण ज्याचं स्वतःचं प्रॉडक्ट आहे, त्याने तरी तेच काम दोनदा काढू नये.

क्वालिटी_सिन्नर
मग त्यात रिव्हिजनचंही घाला. मॉडेल बदललं त्याच दिवशी मशीनवरची जुनी प्रिंट परत घ्यायची, नवीन सही करून द्यायची. आज मॉडेल रिव्हिजन सी असतं आणि ऑपरेटरच्या हातात रिव्हिजन ए. हे सांभाळणारा माणूस नेमणार असाल तर मी तुमच्या बाजूने.

प्रेसब्रेकवाला_सातपूर
माझ्याकडच्या सगळ्या डायची यादी इथे टाकतो. कोणी बेंड टेबल भरणार असेल तर १.६ आणि २ मिमीचे ट्रायल पीस मी वाकवून देईन.