प्रति: रूझवेल्टने चर्चिलवर दबाव आणला का?

वरच्या प्रश्नावर कुणीतरी म्हटलंय की १९४२ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टने भारताला सत्ता द्यावी म्हणून ब्रिटिश पंतप्रधान चर्चिलवर दबाव आणला. आणला हो, पण रूझवेल्टचीच माणसं दोन दिशांना ओढत होती ते पण बघा ना.

लुई जॉन्सन त्याचा खास प्रतिनिधी म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला दिल्लीत आला आणि लगेच क्रिप्स-नेहरू बोलण्यात घुसला (क्रिप्स म्हणजे स्वराज्याचा प्रस्ताव घेऊन आलेला ब्रिटिश मंत्री), संरक्षण खातं कुणाकडे ठेवायचं यावर तोडग्याचा मसुदाच क्रिप्सबरोबर करून बसला. व्हाइसरॉय लिनलिथगोचा पारा चढला, साहजिकच होतं म्हणा. तिकडे लंडनमध्ये हॅरी हॉपकिन्स, म्हणजे रूझवेल्टचा अगदी उजवा हात, एरवी व्हाइट हाऊसमध्येच राहायचा पण तेव्हा लंडनला आलेला, त्याने चर्चिलला सरळ सांगून टाकलं की क्रिप्सच्या प्रस्तावावर बोलायला जॉन्सनला कुणी पाठवलेलं नाही. झालं, जॉन्सनच्या मसुद्यातली हवाच गेली! एकट्या हॉपकिन्समुळे बोलणी फिस्कटली असं नाही, चर्चिलला मुळात काही द्यायचंच नव्हतं, पण त्याचं काम सोपं झालं.

मग १२ एप्रिलला पहाटे तीनला रूझवेल्टची तार आली, क्रिप्सला थांबवून आणखी एकदा प्रयत्न करा म्हणून. हॉपकिन्स तेव्हा चेकर्सला, म्हणजे पंतप्रधानांच्या गावाकडच्या बंगल्यात, चर्चिलचाच पाहुणा. चर्चिल भडकला, शिव्यांची लाखोली, आणि ती ऐकायला समोर हॉपकिन्सच. तोवर क्रिप्स दिल्लीतून निघालेलाही होता.

अमेरिकेला जपान-जर्मनीविरुद्ध ब्रिटन हवं होतं, त्यापुढे आपला प्रश्न कितीसा मोठा? रूझवेल्टने नंतर फार ताणलं नाही. ऑगस्टमध्ये गांधी-नेहरूंना पकडलं तेव्हाही नाही.