मान-जबडा आवळलेला, अ‍ॅक्युपंक्चर सुरू केलंय: किती सिटिंगनंतर कळतं?

नमस्कार मंडळी,

वय ४४, घर भांडुपला, नोकरी फोर्टात, काम विम्याचे क्लेम्स बघायचं. मार्चअखेरीपासून झोपेतसुद्धा माझे दात एकमेकांवर गच्च बसलेले असतात. हे मला नाही, नवऱ्याला कळलं. रात्री करकर ऐकून त्याला आधी वाटलं माळ्यावर उंदीर शिरलाय.

दुपारी चारच्या सुमाराला कपाळाभोवती ओढणी आवळून बांधल्यासारखं होतं, उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत ओढ लागते. पहाटे तीनला टक्क जाग. परवा लोकलमध्ये चक्क खिडकी मिळाली होती, तरी काचेत बघते तर खांदे कानाला टेकलेले.

फॅमिली डॉक्टरांना दाखवलंय. बीपी, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह सगळं ठीक, निदान ‘टेन्शन टाइप हेडेक’. डेंटिस्टने नाइट गार्ड दिला, त्याने दात वाचले, मान नाही. महिन्यात पंधरा दिवस पेनकिलर पोटात जायला लागली तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा मी बारावर होते. म्हणून सुया. डॉक्टर म्हणाले, "करून बघा, पण रजिस्टर्ड माणसाकडेच."

आधी घराजवळच एके ठिकाणी गेले. गृहस्थांनी जीभ बघितली, नाडी बघितली आणि पाच मिनिटांत २१ सिटिंगचं पॅकेज सांगितलं, पैसे आगाऊ. वर "बीपीची गोळी महिन्याभरात सोडवतो." मला बीपी नाहीच! सुया दाखवा म्हटलं तर स्टीलच्या ट्रेमध्ये उघड्या पडलेल्या. गॅसवर दूध ठेवून आलेय असं सांगून मी सटकले.

मग ऑफिसमधल्या मैत्रिणीने दादरच्या एका बाई सुचवल्या. त्यांच्याकडे दोन सिटिंग झालीत. सुयांची सीलबंद पाकिटं माझ्यासमोर फोडली. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, भुवयांच्या मधोमध आणि मानेवर केसांच्या कडेला सुया. टोचल्याचं फारसं कळलं नाही, पण बेचक्यातल्या सुईने हातभर जड, बोथट कळ गेली. तसं होणं अपेक्षितच असतं म्हणाल्या. पंचवीस मिनिटं दिवा मंद करून पडून राहिले, पाच मिनिटांत घोरायलाही लागले (असं त्या म्हणाल्या, मी मान्य केलेलं नाही). दोन दिवस जबडा सैल होता, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तर प्रश्न असा, की किती सिटिंगपर्यंत वाट बघायची? आणि हा गुण सुयांचा, की फोन बंद करून पंचवीस मिनिटं आडवं पडण्याचा? तेवढं तर मी घरीही पडू शकते. म्हणजे, पडू दिलं तर.

फिजिओवाली: टेन्शन हेडेकपुरतं सांगते. २०१६च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अहवाल) वारंवार दुखणाऱ्यांसाठी निदान सहा सिटिंगचा कोर्स उपयोगी ठरू शकतो असं म्हटलंय. खऱ्या सुया टोचलेल्यांत डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आलेले शंभरात पन्नासेक, आणि भलत्याच जागी किंवा नुसत्या वरवर टोचलेल्यांत ४३. म्हणजे तुमची शंका अगदीच चुकीची नाही, आडवं पडणं, बरं वाटेल ही अपेक्षा अशा बाकी गोष्टींचाही मोठा वाटा असू शकतो. पण सुयांचा थोडा वेगळा फायदा दिसतोच. सहा होईपर्यंत डायरी ठेवा: दुखलेले दिवस आणि घेतलेल्या गोळ्या, बस्स. ‘बरं वाटतंय’ वर जाऊ नका. आणि खांद्याच्या माथ्यावर टोचणार असतील तर हात अनुभवी हवा. तिथे खाली फुप्फुस असतं, सुई खोल गेली तर महागात पडेल.

ठाणे_स्लो: उपाशीपोटी जाऊ नका. मी ऑफिसातून तसाच गेलो आणि टेबलावरच चक्कर आली. रक्त पातळ करायची गोळी किंवा पेसमेकर असेल, दिवस गेलेले असतील तर आधी सांगायचं. नोंदणीचं विचारायला लाजू नका. आपल्या महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे. केंद्रानेही २०१९मध्ये मान्यता दिली.

सोलापुरी: अवांतर: १९३८ साली आमच्या डॉ. कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात डॉ. बसू होते. पुढे ही विद्या भारतात आणण्याचं श्रेय त्यांनाच देतात. चालू द्या.

ठाणे_स्लो: @सोलापुरी, कोटणीसांचं कॉलेज परळचं, केईएमवालं. मुंबईचाही वाटा लिहा!

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. फिजिओवाली ताई, डायरी आजपासून. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारीच खुणा करतेय. बाईंना नोंदणी क्रमांक विचारला, त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं. मी दोन्ही वेळा त्याच्याखालीच झोपले होते. चार सिटिंग उरलीत, दर शनिवारी एक. शेवटचं झालं की आकडे इथेच टाकते. तोवर एक सांगा: नाइट गार्ड घालून बोलता येत नाही, हा घरच्यांना फायदा वाटतोय. तुमच्याकडेही असंच आहे का?