पुणे विद्यापीठात होस्टेलला राहणार आहे, घरची गाडी आणू का?

नमस्कार. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.एस्सी.ला ॲडमिशन झालं, होस्टेलही मिळालं. घर नांदेडला. पप्पांची स्प्लेंडर घरी उभीच असते, ते म्हणतात रेल्वेने पार्सल करून टाकू. शनिवार-रविवार डेक्कनला क्लास लावायचा विचार आहे. गाडी खरंच लागते का? आणि लावायची कुठे?

उत्तर १
आण भावा. रात्री उशिरा परत यायचं असलं की रिक्षावाले अडून बसतात. स्वतःची गाडी असली की कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पार्सलला टाकताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. आरसीची प्रत आणि ओळखपत्र जवळ ठेव.

उत्तर २
मी परभणीची, याच होस्टेलला राहून एम.ए. केलं. माझं ऐकशील तर पहिलं सेमिस्टर गाडी आणू नकोस.

कॅम्पस ४११ एकरांचा आहे, पण तुझं रोजचं जग म्हणजे होस्टेल, डिपार्टमेंट, जयकर ग्रंथालय आणि जेवण. त्याला सायकल पुरते. मे-जूनमध्ये पास होऊन जाणारे सीनियर सायकली विकतात, नोटीस बोर्डावर लक्ष ठेव. घेताना ब्रेक आणि रिम बघ, गिअरच्या मागे लागू नकोस. कुलूप नुसतं चाकाला लावू नकोस, फ्रेममधून घालून खांबाला अडकव.

गाडीचं खरं दुखणं ती उभी राहते तेव्हाचं. आमच्या मजल्यावरच्या एकीची स्कूटी दिवाळीच्या सुट्टीत झाडाखाली होती. परत आली तर सीटवर पानांचा चिखल, बॅटरी उतरलेली, सीटखालची वायर उंदरांनी कुरतडलेली. परीक्षेच्या तोंडावर बिचारी मेकॅनिक शोधत फिरली.

बाहेरही तेच. डेक्कनकडचे एफसी (फर्ग्युसन कॉलेज) आणि जेएम (जंगली महाराज) दोन्ही रस्ते एकेरी, म्हणजे जागा हुकली की मोठा वळसा. पी-१, पी-२ च्या पाट्या नीट वाचाव्या लागतात: एका बाजूला सम तारखेला लावायची, दुसऱ्या बाजूला विषम. चुकलं की गाडी टोइंगच्या टेम्पोत. दंड ५०० रुपये, उचलण्याचे पैसे वेगळे. महिन्याच्या शेवटी विद्यार्थ्याला हे फार लागतं गं बाई.

डेक्कनला जायचं तर विद्यापीठाच्या गेटवरून मनपाला, म्हणजे महापालिका भवनाला जाणारी बस पकड. मनपाला मेट्रो आहे, तिथून डेक्कन जिमखाना दुसरं स्टेशन. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांना जायचं तर शिवाजीनगरहून मेट्रोने कसबा पेठ, पुढे चालत. मेट्रोचं विद्यार्थी कार्ड काढ, ३० टक्के सवलत मिळते. एखाद्या दिवशी बरीच कामं असली तर पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, ७० रुपयांचा दिवसाचा पास काढून टाक.

प्रश्न विचारणारी
खूप आभार ताई. एसटीने आले तर उतरायचं कुठे? आणि क्लास रात्री साडेआठला सुटला तर?

उत्तर २
शिवाजीनगरचा स्टँड २०१९ च्या शेवटापासून वाकडेवाडीला हलवलाय. तिकिटावर शिवाजीनगर असलं तरी कंडक्टरला विचारून घे. सामान असेल तर तिथून सरळ रिक्षा कर, मीटरने.

साडेआठला बस मिळते, घाबरू नकोस. तरी क्लासला आपल्या होस्टेलची अजून कुणी आहे का ते आधी शोध आणि दोघी मिळून या. गेट किती वाजता बंद होतं ते रेक्टर मॅडमना पहिल्याच दिवशी विचार. क्लासची बॅच त्या वेळेत बसत नसेल तर सकाळची घे.