भूशास्त्र, सिव्हिल की कृषी? भूजलाचं काम करायचं आहे, सल्ला हवा

नमस्कार. मी आटपाडी तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स झाली, एमएच-सीईटी पीसीएम ग्रुपमधून दिली. त्यामुळे सिव्हिल आणि कृषी दोन्हीकडे अर्ज करता येतो. बीएस्सी भूशास्त्राचा विचार माझा एकटीचा आहे. घरात तो कुणालाच पटलेला नाही.

काम कोणतं करायचं हे माझं पक्कं आहे. जमिनीखालचं पाणी. आमच्याकडे बोअर मारायची तर आजही आधी पाणाड्या येतो, हातावर नारळ ठेवून रान फिरतो. तो दाखवेल तिथे माणसं कर्ज काढून मशीन लावतात. बांधाच्या अलीकडे पाणी लागतं आणि पलीकडे तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा. असं का होतं, हे मी वाचत गेले. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणाचा आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळपास मुरतच नाही. ते सापडतं वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगांमध्ये आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात. म्हणजे खडक वाचता आला तर एखाद्या घराचं कर्ज वाचू शकतं. मला ते शिकायचं आहे.

वडील म्हणतात सिव्हिल कर. चार वर्षांत पदवी हातात, जलसंपदा, जलसंधारण, जिल्हा परिषद सगळीकडे इंजिनिअर लागतात, आणि सरकारी नाही मिळालं तर खासगीत काम आहेच. त्यांचं चुकत नाही. पण अभ्यासक्रम पाहिला तर खडकांचा असा एखादाच विषय, बाकी बांधकाम, काँक्रीट, सर्व्हे. शिवाय यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेला भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, तिथे सिव्हिलची पदवी चालत नाही.

मामांचं मत कृषीचं. एमपीएससीची कृषी सेवा, बँकेत कृषी अधिकारी. मला त्यातलं बीएस्सी ॲग्री फारसं ओढत नाही, पण राहुरीच्या विद्यापीठातलं कृषी अभियांत्रिकीचं बीटेक खुणावतंय, कारण त्यात मृद व जलसंधारण हा स्वतंत्र भाग आहे. बंधारा, शेततळं, पाणलोट हे तिथे नीट शिकता येईल. मात्र ते बरंचसं जमिनीवरच्या पाण्याचं शास्त्र आहे.

राहिलं भूशास्त्र. फर्ग्युसनला तो विषय आहे. पुढे जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते. पण बीएस्सीवर थांबून भागणार नाही, एमएस्सीपर्यंत किमान पाच वर्षं, आणि पुण्यात राहायचा खर्च. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून नेमकं हेच काम करते, पण तिथल्या भरतीच्या भरवशावर घरच्यांना काय सांगू?

भूशास्त्र केलेल्या ताई-दादांनी कृपया मोकळेपणाने सांगावं: एमएस्सीनंतर पहिलं काम मिळायला किती काळ गेला, आणि ते पाण्याचं होतं की खाणीचं, तेलाचं? पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांमध्ये पगारावर घर चालतं का? बीटेक कृषी अभियांत्रिकी करून नंतर भूजलाकडे वळलेलं कुणी आहे का, आणि खडकांचा पाया कच्चा राहिल्याचं पुढे जाणवलं का?

आणखी एक. आजी म्हणते, मुलगी डोंगरात एकटी कशी फिरणार. फील्डवर काम करणाऱ्या ताईंनी राहायची, प्रवासाची सोय कशी असते ते लिहिलं तर मी ते घरी वाचून दाखवीन. पसंतीक्रम भरायची वेळ जवळ आली आहे, म्हणून थोडं लवकर लिहिलंत तर बरं होईल.