मदत हवी आहे: आयथ्रीमध्ये मराठी टायपिंग, दुसरा मॉनिटर आणि चिंचोळ्या होत जाणाऱ्या विंडो

मंडळी, आयथ्रीसारखा टायलिंग विंडो मॅनेजर (विंडो एकमेकींवर न ठेवता शेजारी-शेजारी मांडणारा प्रोग्रॅम) रोजच्या कामाला वापरणारं इथे कुणी आहे का? तीन ठिकाणी अडले आहे.

मी घरून मुद्रितशोधन करते. डावीकडे स्कॅन केलेल्या जुन्या आवृत्तीची पीडीएफ, उजवीकडे लिबरऑफिसमध्ये नव्याने टाइप झालेला मजकूर, आणि अधूनमधून शब्दकोश बघायला फायरफॉक्स. दिवसभर या तिघांत ये-जा. माउसमुळे उजवं मनगट इतकं दुखायला लागलं की फिजिओथेरपिस्टनी माउस शक्यतो बंदच करा म्हणून सांगितलं. म्हणून डेबियन १२ (लिनक्स) वर ग्नोम या नेहमीच्या डेस्कटॉपच्या जागी आयथ्री घेतलं. लॅपटॉपचा स्क्रीन १३६६ बाय ७६८, जोडीला १९२० बाय १०८० चा मॉनिटर. सगळं कीबोर्डवरून होतंय याचा मनगटाला खरोखर आराम आहे. त्यामुळे 'परत ग्नोमवर जा' हा सल्ला कृपया नको.

अडचण पहिली आणि सगळ्यात मोठी, मराठी. मी इनस्क्रिप्टवाली (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड लेआउट). ग्नोममध्ये विंडोज की आणि स्पेस दाबलं की इंग्रजीचं मराठी व्हायचं. इथे तेच दाबलं तर काहीच होत नाही. मग कॉन्फिगमध्ये (आयथ्रीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) दोन शॉर्टकट घातले: एकाने कीबोर्डचा लेआउट बदलणारी 'सेटएक्सकेबीमॅप इन' ही आज्ञा चालते, दुसऱ्याने 'सेटएक्सकेबीमॅप यूएस'. मराठी उमटते, पण उमटायला लागली की आयथ्रीचे अक्षरांवरचे सगळे शॉर्टकट बंद. विंडोज की आणि डी दाबून प्रोग्रॅमची यादी येत नाही, विंडो बंद होत नाही, आणि इंग्रजीवर परत आणणारा शॉर्टकटही चालत नाही! मग माउसने टर्मिनलवर जायचं, वरचा बाण दाबत जुनी आज्ञा शोधायची आणि एंटर मारायचं. दर परिच्छेदाला हे करणं शक्य नाही.

दुसरी अडचण विजेची. आमच्याकडे मॉनिटर इन्व्हर्टरवर नाही. वीज गेली की मॉनिटर बंद होतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मॉनिटरवरच्या विंडो तिकडेच राहतात. मजकूर सेव्ह करायचा तर आंधळेपणाने.

तिसरी, नवी विंडो उघडली की ती त्याच ओळीत शेजारी येऊन बसते. लॅपटॉपवर तिसरी उघडली की प्रत्येकीच्या वाट्याला साडेचारशे पिक्सेल. लिबरऑफिसचा अर्धा टूलबार दिसेनासा होतो.

प्रतिसाद १

मराठीचं आधी, कारण ते सुटलं की बाकीचं सोपं आहे.

विंडोज की आणि स्पेसने काही होत नाही असं वाटतं, पण होतं. आयथ्रीच्या मूळ कॉन्फिगमध्ये ती जोडी 'फोकस मोड_टॉगल'ला दिलेली आहे, म्हणजे तरंगत्या आणि मांडलेल्या विंडोंमध्ये फोकस हलवणं. तरंगती विंडो उघडी नसेल तर पडद्यावर काही हलत नाही. आयबस (टायपिंगची भाषा हाताळणारा प्रोग्रॅम) भाषा बदलायला नेमकी हीच जोडी वापरतो. आयथ्रीने ती आधीच धरून ठेवलेली असते, त्यामुळे उद्या आयबस चालू केलात तरी त्याच्यापर्यंत ती पोचणार नाही. दोघांपैकी एकाचा शॉर्टकट बदलावा लागेल.

पण इनस्क्रिप्टसाठी आयबस लागतच नाही. रोमनमध्ये लिहून देवनागरी उमटवणाऱ्यांना तो लागतो. इनस्क्रिप्ट एक्सकेबी या मूळ कीबोर्ड-व्यवस्थेतच आहे आणि तुम्ही तो आत्ताही वापरताय. फक्त तुम्ही एका वेळी एकच लेआउट लावताय. नुसता 'इन' लावला की कीबोर्डवर डी हे अक्षरच शिल्लक राहत नाही, मग डीचा शॉर्टकट लागणार कुठून? दोन्ही लेआउट एकदम लावा, यूएस आधी, मग स्वल्पविराम, मग इन. आयथ्री शॉर्टकट पहिल्या गटातल्या, म्हणजे यादीत पहिल्या लिहिलेल्या, लेआउटवरून ठरवतं आणि ते सगळ्या गटांत चालू ठेवतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. इन आधी लिहिलात तर पुन्हा तीच रड.

त्याच आज्ञेत ऑप्शन म्हणून 'जीआरपी:कॅप्स_टॉगल' आणि 'जीआरपी_एलईडी:कॅप्स' द्या. कॅप्स लॉकने भाषा बदलेल, आणि मराठी चालू असताना कॅप्स लॉकचा दिवा लागेल. आयथ्रीस्टेटसच्या पट्टीत (आयथ्रीच्या माहितीच्या पट्टीत) चालू भाषा दिसत नाही, त्यामुळे हा दिवा फार उपयोगी पडतो. मुद्रितशोधनात तर डोळे मजकुरावर असतात, करंगळीजवळचा दिवा नजरेच्या कडेला दिसतो. ही ओळ 'एक्झेक_ऑलवेज'ने कॉन्फिगमध्ये घाला, म्हणजे आयथ्री रीस्टार्ट केलं तरी लागू होईल. तुमचे आधीचे दोन शॉर्टकट काढून टाका.

प्रतिसाद २

मॉनिटरबद्दल. केबल निघाली किंवा मॉनिटर बंद पडला म्हणून एक्स (पडद्यावर चित्र दाखवणारी लिनक्सची व्यवस्था) स्वतःहून ते आउटपुट बंद करत नाही. ग्नोममध्ये ते काम ग्नोम करायचं. आयथ्री हा फक्त विंडो मॅनेजर आहे, त्याच्या लेखी मॉनिटर अजून जागेवरच असतो. 'एक्सरँडर --ऑटो' ही आज्ञा एखाद्या शॉर्टकटला बांधा. तुटलेलं आउटपुट ती बंद करते, की लगेच आयथ्री तिथले वर्कस्पेस (विंडोंचे गट) लॅपटॉपवर आणून ठेवतं. वीज आल्यावर मात्र नुसतं ऑटो पुरणार नाही, दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येईल. परत येताना 'राइट-ऑफ' देऊन मॉनिटर लॅपटॉपच्या उजवीकडे आहे हे सांगावं लागतं.

हे हाताने करायचं नसेल तर ऑटोरँडर घ्या. 'फक्त लॅपटॉप' आणि 'दोन्ही' अशी दोन प्रोफाइल एकदा सेव्ह करून ठेवली की मॉनिटर गेला-आला तसं तो आपोआप बदलतो. पहिल्यांदा एकदा वीज असतानाच मॉनिटरचं बटण बंद करून तपासा. काही मॉनिटर बटण बंद केल्यावरही केबलवर 'मी आहे' असंच सांगत राहतात, म्हणून प्लग काढूनही पाहा.

प्रतिसाद ३

चिंचोळ्या विंडोंचं कारण असं, की आयथ्री मांडणी स्वतः ठरवत नाही. डीडब्ल्यूएम किंवा एक्समोनॅड या दुसऱ्या टायलिंग मॅनेजरांमध्ये एक मुख्य विंडो आणि बाकीच्या बाजूला एकाखाली एक, असं आपोआप होतं. आयथ्रीमध्ये विंडोंचं झाड असतं आणि फांदी कुठे फुटणार हे तुम्ही सांगायचं. नवी विंडो उघडण्याआधी विंडोज की आणि व्ही दाबा, ती शेजारी न येता खाली येईल.

तुमच्या कामाला मी हे सुचवेन: मॉनिटरवर फक्त पीडीएफ आणि लिबरऑफिस, अर्धे-अर्धे. प्रत्येकाला ९६० पिक्सेल मिळतात, ते पुरतात. फायरफॉक्स लॅपटॉपच्या स्क्रीनवर. तिथे आणखी काही उघडलंत तर विंडोज की आणि डब्ल्यू दाबून टॅबची मांडणी करा. सगळ्या पूर्ण रुंदीच्या राहतात आणि वर नावांची पट्टी येते. १३६६ च्या स्क्रीनवर मी टॅबशिवाय काम करतच नाही.

प्रतिसाद ४

स्वे या विंडो मॅनेजरचा विचार करा असं सुचवेन. वेलँडवर (एक्सच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवर) चालतं, आयथ्रीचीच कॉन्फिग बरीचशी जशीच्या तशी घेतं, आणि मॉनिटर गेला की वर्कस्पेस स्वतःच हलवतं. पण तुमच्यासाठी एक धोक्याची सूचना. स्वेमध्ये शॉर्टकट चालू लेआउटच्या अक्षरावरून जुळतात, म्हणजे मराठीत असताना ते बंद पडण्याची तुमची अडचण तिथे परत येईल. कॉन्फिगमध्ये शॉर्टकट ठरवणाऱ्या प्रत्येक 'बाइंडसिम'पुढे '--टू-कोड' लिहावं लागतं. लेआउटही सेटएक्सकेबीमॅपने नाही, कॉन्फिगच्या 'इनपुट' भागात द्यायचे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅप्स लॉकवर भाषा बदलणं लगेच जमलं, आणि मराठी चालू असताना सगळे शॉर्टकट चालताहेत. 'कुऱ्हाड'मधला ऱ शिफ्ट आणि जे ने यायचा तसाच येतोय, त्यामुळे बोटांची सवय मोडावी लागली नाही. ऑटोरँडर बसवला. प्लग काढून पाहिला, तीन-चार सेकंदांत विंडो लॅपटॉपवर आल्या. स्वे सध्या नको, हातातली पुस्तकं संपल्यावर बघेन.

अजून दोन प्रश्न आहेत. प्रकरणांच्या फाइलींची नावं मराठीत आहेत आणि त्यांची यादी मी डीमेन्यूमधून (नाव टाइप करून निवडायची यादी दाखवणारा प्रोग्रॅम) उघडते. तिथे वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला येते आणि जोडाक्षरं फुटून मध्ये पाय मोडलेला दिसतो. फॉन्ट बदलून पाहिले, फरक नाही.

प्रतिसाद ३

फॉन्टचा दोष नाही. डीमेन्यू अक्षरं एकामागून एक नुसती मांडतो, देवनागरीची जुळणी करत नाही. त्याच्या जागी रोफी घ्या. तो अक्षरांची जुळणी करणारी पँगो लायब्ररी वापरतो, त्यामुळे 'स्थित्यंतर'सुद्धा नीट दिसतं. डीमेन्यूसाठी लिहिलेली स्क्रिप्ट '-डीमेन्यू' हा पर्याय दिला की रोफीवर तशीच चालते. आयथ्रीची पट्टी आणि विंडोंची शीर्षकं यांत मराठी तुटत असेल तर कॉन्फिगमध्ये फॉन्टच्या ओळीची सुरुवात 'पँगो:' ने आहे ना, तेवढं तपासा.

दुसरा प्रश्न कोणता?

धागाकर्ती

रोफीत नावं अगदी स्वच्छ दिसताहेत, धन्यवाद!

दुसरा प्रश्न कामाच्या गतीचा आहे. पीडीएफ झथुरामध्ये (पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम) उघडते. उजवीकडे दुरुस्ती करत असताना डावीकडचं पान उलटायला विंडोज की आणि डावा बाण, मग पेज डाउन, मग विंडोज की आणि उजवा बाण, असं दर वेळी करावं लागतं. पुस्तक चारशे पानांचं आहे. लिबरऑफिसमधून फोकस न हलवता, एकाच शॉर्टकटने झथुराचं पान उलटेल असं कुणी बांधलं आहे का? एक्सडूटूल या प्रोग्रॅमने झथुराला बटण दाबल्याचा इशारा पाठवावा, की झथुराच्या डी-बसमधून (प्रोग्रॅमांनी एकमेकांना निरोप द्यायची वाट) जावं, यातलं कोणतं जास्त भरवशाचं? कॉन्फिगची ओळ दिलीत तर फार मदत होईल.