मदत हवी आहे : खारघर परिसरात रुग्णासह सात आठवडे राहण्याची सोय

नमस्कार. मुरबाड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामांना तोंडाचा कर्करोग झाला असून, शस्त्रक्रियेनंतर आता खारघरच्या टाटा स्मारक केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये, आठवड्यातून 5 दिवस याप्रमाणे सात आठवडे किरणोपचार घ्यायचे आहेत. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा. पण मुरबाडला रेल्वे नसल्याने एसटीने कल्याण, तिथून ठाण्यामार्गे पनवेलची लोकल आणि पुढे रिक्षा, असा प्रवास तोंड सोललेल्या, केवळ पातळ अन्नावर असलेल्या माणसाला रोज झेपणार नाही. मध्येच खाडे झाले तर उपचारांचा परिणाम कमी होतो, असे डॉक्टरांनी बजावले आहे. कर्करुग्णांना लोकलच्या दिव्यांग डब्यातून जाता येते, हे खरे. पण त्यासाठी आधी गावात स्टेशन हवे! उपचारांचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होईल. अडचण राहण्या-जेवण्याची आहे. ऐरोलीतले माझे घर एका खोलीचे आहे.

खारघर, बेलापूर किंवा पनवेल भागात रुग्ण व एका नातेवाइकासाठी धर्मशाळा अथवा अल्पदरातील खोली कोणास ठाऊक आहे का? तेथे प्रवेशासाठी कोणती कागदपत्रे लागतात आणि मऊ जेवण मिळते का, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया कळवावे.