मदत हवी आहे: आई-बाबा अमेरिकेत पोचले, पण विमान कंपनीच्या नोंदीत ते विमानात चढलेच नाहीत

नमस्कार. विमान कंपनीच्या आरक्षण विभागात किंवा विमानतळावर चेक-इनला काम केलेलं कोणी इथे असेल, तर कृपया हे शेवटपर्यंत वाचा. परतीची तारीख जवळ येते आहे आणि कॉल सेंटरकडून रोज तेच उत्तर मिळतंय.

आई-बाबा माझ्या भावाकडे न्यू जर्सीला गेले आहेत. ते मुंबईहून निघाले त्या रात्री विमान कंपनीची सिस्टीम बंद पडली होती. काउंटरवरचे संगणक काही केल्या चालेनात. तेव्हा तिथल्या मुलींनी छापील यादीवर खुणा करत, कोऱ्या बोर्डिंग पासांवर पेनाने नाव, फ्लाइट नंबर आणि सीट लिहून दिली. बॅगांचे टॅगही हातानेच लिहिले. तेवढ्या गर्दीतही त्यांनी बाबांना व्हीलचेअर मिळवून दिली. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मधल्या विमानतळावर मात्र पुढचं बुकिंग दिसत नाही म्हणाले. ट्रान्सफर डेस्कने नवीन नोंद करून दोघांना पुढच्या विमानात बसवलं आणि दोघं सुखरूप पोचले.

आता परतीसाठी व्हीलचेअर सांगून ठेवावी म्हणून भावाने वेबसाइट उघडली, तर परतीचे दोन्ही टप्पे रद्द! कॉल सेंटर म्हणतं, प्रवासी मुंबईहून निघालेच नाहीत, नो-शो झाले, म्हणून उरलेलं तिकीट आपोआप रद्द झालं, नवीन तिकीट घ्या. भाऊ सांगतोय की अहो, दोघं इथे माझ्या घरात आहेत. तिकडून, "सर, सिस्टीममध्ये तसं दिसत नाही."

आई घाबरली आहे. कंपनीच्या नोंदीत आपण आलोच नाही, म्हणजे आपण इथे चोरून राहतोय की काय, असं तिच्या मनाने घेतलंय. इमिग्रेशनची नोंद वेगळी असते आणि आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीवर, दोघांच्या येण्याची तारीख व्यवस्थित आहे, हे भावाने तिला उघडून दाखवलं. पण त्याच आय-९४ वर मुक्कामाची शेवटची तारीखही आहे, आणि ऐनवेळी दोन नवी तिकिटं काढायची तर खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे.

मी बँकेत बरीच वर्षं होते. लिंक गेली की आम्ही व्हाउचरवर काम चालवायचो. लिंक आली की दिवस बंद करण्याआधी प्रत्येक व्हाउचर सिस्टीममध्ये चढवायचो, ताळा जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. त्या रात्रीचे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास कोणी नंतर सिस्टीममध्ये चढवलेच नाहीत का? माझा राग यावर आहे. यंत्रणा जुन्या असतात, हे मी समजू शकते. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएमने सेबर ही आरक्षण यंत्रणा १९६० च्या दशकात उभी केली. त्याच घराण्यातली आयबीएमची टीपीएफ ही प्रणाली १९७९ ची, आणि तिची पुढची आवृत्ती आजही मोठ्या आरक्षण यंत्रणांच्या पोटात चालते. जुनं म्हणून ते वाईट, असं मी म्हणणार नाही; बँकेत मी जुन्या प्रोग्रॅमांवर विश्वासाने काम केलंय. पण जुन्यावर नवं चढवत गेलं की एक भाग बंद पडल्यावर दुसऱ्या भागाला काय कळतं आणि काय कळत नाही, याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी ना? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरचे विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा आपल्याकडेही हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासांचे फोटो सगळीकडे फिरले. त्या पासांची नोंद पुढे कशी झाली, यावर मात्र मला कुठे काही वाचायला मिळालं नाही.

मला एवढंच कळायला हवं आहे: मुंबईचा प्रवास झाला, हे कंपनीच्या नोंदीत आता कोण दुरुस्त करू शकतं? कोणत्या शब्दांत मागायचं? बोर्डिंग पासांचे आणि बॅग टॅगचे फोटो आमच्याकडे आहेत.

प्रतिसाद (निवृत्त_काउंटर)

ताई, मी मुंबईला ग्राउंड हँडलिंगमध्ये होतो. तुमचं गाडं कुठे अडलंय ते सांगतो.

पीएनआर (म्हणजे बुकिंगची नोंद), ई-तिकीट आणि चेक-इनची यंत्रणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चेक-इनच्या यंत्रणेला आम्ही डीसीएस म्हणतो. विमान सुटण्याआधी आरक्षणाकडून डीसीएसला प्रवाशांची यादी येते, ती पीएनएल. विमान सुटलं की डीसीएसकडून उलटा निरोप जातो, पीएफएस. त्यात कोण आलं नाही, कोण ऐनवेळी चढलं, हे असतं. हे निरोप अजून टेलेक्सच्या काळातल्या साच्यातले, ठरावीक ओळी नि ठरावीक कोड. त्या रात्री डीसीएसमध्ये तुमच्या आई-बाबांचं चेक-इन झालंच नव्हतं. नंतर यंत्रणा सुरू झाल्यावर कोणी हाताने बोर्डिंग टाकलं नाही, तर पीएफएसमध्ये ते नो-शो म्हणून गेले आणि पुढचं सगळं आपोआप पडलं. मधल्या विमानतळावर बुकिंग दिसेना, ते त्यामुळेच.

कॉल सेंटरला पीएनआर सांगत बसू नका. तिकीट नंबर द्या, १३ आकडी, पहिले तीन आकडे कंपनीचे. प्रत्येक टप्प्याला एक कूपन असतं. परतीच्या कूपनांचं स्टेटस विचारा. 'ओपन' असेल तर तुमचे पैसे शाबूत आहेत, फक्त सीट सुटली आहे. मागणी अशी करा: नो-शो काढा, परतीचे टप्पे रिइन्स्टेट (पूर्ववत) करा, तिकीट रिव्हॅलिडेट करा (त्या टप्प्यांना पुन्हा जोडा).

पण फोनवरच्या पोरांना बहुतेक वेळा हे अधिकार नसतात. मुंबईच्या स्टेशन मॅनेजरना ईमेल करा. गेटवर फाडून घेतलेले बोर्डिंग पासाचे तुकडे आणि खुणा केलेली यादी फ्लाइट फाइलमध्ये ठेवतात, तीच उघडायला सांगा. ट्रान्सफर डेस्कने दिलेल्या बोर्डिंग पासावर नवा पीएनआर असेल, तोही जोडा. मुंबईहून आले नाहीत तर त्या डेस्कवर उभे कसे राहिले, हे त्यांनाच ठरवू दे.

प्रतिसाद (टेक्सासकर)

वरच्या काकांनी सांगितलंय ते आधी करा. सोबत हेही: विमान अमेरिकेला येणारं-जाणारं असेल तर परदेशी कंपनीविरुद्धही इथल्या परिवहन खात्याकडे ऑनलाइन तक्रार करता येते. कंपनीने लेखी तक्रारीची पोच ३० दिवसांत आणि नेमकं उत्तर ६० दिवसांत द्यायचं असतं. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, पण तक्रार दाखल झाली की फाइल कॉल सेंटरमधून वर सरकते. आय-९४ च्या साइटवर येण्याजाण्याचा इतिहासही निघतो, त्याची प्रत जोडा.

हे खातं नुसतं टपाल गोळा करत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये साउथवेस्ट या इथल्या विमान कंपनीची सुमारे १६,९०० उड्डाणं रद्द झाली. सुरुवात हिमवादळाने झाली, पण नंतर आपले वैमानिक आणि केबिन क्रू कुठल्या गावी आहेत हेच त्यांच्या यंत्रणेला कळेना, आणि ते बिचारे आपण कुठे आहोत हे सांगायला तासन् तास फोन धरून बसले होते. खात्याने पुढच्या वर्षी १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. भारतात विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी एअरसेवा पोर्टलवरही टाका, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

नवं तिकीट घ्यायची वेळ आलीच, तर आधी ईमेलने कळवा की नाइलाजाने आणि हक्क राखून घेतोय.

धागाकर्ती

काका, टेक्सासकर, तुमचे उपकार कसे मानू! तिकीट नंबर दिल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी नीट पाहिलं. परतीची कूपनं 'ओपन' आहेत. मुंबई स्टेशनला फोटो, आय-९४ आणि ट्रान्सफर डेस्कचा पीएनआर पाठवला. फ्लाइट फाइल मिळाली असं त्यांचं उत्तर आलंय आणि आईचा नो-शो निघाला, तिची परतीची सीट लागली. बाबांचं अडलंय, कारण व्हीलचेअरमुळे गेटवर त्यांची सीट बदलली होती आणि हातच्या यादीत त्यांचं नाव जुन्याच सीटसमोर आहे, आणि तिथे खूण नाही. नव्या सीटचा आकडा बोर्डिंग पासाच्या फोटोत खोडून लिहिलेला स्पष्ट दिसतोय, तो पुन्हा पाठवलाय. तक्रार परिवहन खात्याकडेही नोंदवली.

काका, अजून एक विचारते. आईच्या बुकिंगवर आता जेवणाची पसंती दिसत नाही. म्हणजे बाबांची सीट लागली तरी व्हीलचेअरची विनंती वेगळी टाकावी लागेल का? आणि ती दोन्ही टप्प्यांसाठी स्वतंत्र टाकायची का? मधल्या विमानतळावर त्यांना तेवढं चालणं जमणार नाही.

प्रतिसाद (निवृत्त_काउंटर)

हो, पुन्हा टाकावी लागेल. सीट रद्द झाली की तिला जोडलेल्या विनंत्याही गळतात. दोन्ही टप्प्यांसाठी वेगवेगळी टाकून घ्या आणि 'कन्फर्म' दिसतंय का ते विचारा, नुसतं 'रिक्वेस्टेड' असेल तर निघायच्या दोन दिवस आधी परत फोन करा. बाबांना जिने चढता येत नसतील तर तेही सांगा, त्याचा कोड वेगळा असतो. एकाच पीएनआरमध्ये एकाची सीट लागली आणि एकाची नाही, तर घाईत दोघांचं बुकिंग तोडून वेगळं करतात. तसं केलं असेल तर बाबांचा नवा पीएनआर मागून घ्या.